खुणेला घर कसं सापडतं

हैदराबादच्या नल्लकुंट्यात पत्ता सांगायच्या दोन तऱ्हा आहेत. एक कागदोपत्री: आकड्यांची साखळी, मधे आडव्या रेघा. दुसरी माणसांची: शंकर मठाच्या अलीकडे, फुलवाल्याच्या समोर. ब्राउझरात वाचताना मजकुरावर आपण पिवळी खूण करतो, तेव्हा खूण करणारं साधनही असेच दोन पत्ते लिहून ठेवतं, हे कळलं त्या दिवशी मी थक्क झालो.

मी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पडद्यावर वाचत होतो. तिथे ‘क्षेत्र’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्यातल्या एकावर खूण केली, शेजारी टीप लिहिली. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर खूण नेमकी त्याच ‘क्षेत्रा’वर. खरं तर ती पानावर नव्हतीच. मजकूर एका सर्व्हरवर होता, माझी टीप दुसऱ्यावरच. पान उघडताक्षणी साधनाने टीप मागवली, मजकुरात तिची जागा शोधली आणि तिथे रंग भरला.

पहिला पत्ता आकड्यांचा: पानाच्या सुरुवातीपासून कितव्या चिन्हाला खूण सुरू होते, कितव्याला संपते. डोळ्यांना ‘क्षेत्र’ दोन अक्षरांचं दिसतं, संगणक मात्र सात चिन्हं मोजतो: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. वर कुणी एक ओळ वाढवली की सगळे आकडे सरकतात. मग दुसरा पत्ता कामी येतो. खुणेतले शब्द आणि त्यांचा शेजार, म्हणजे आधीचा नि नंतरचा थोडा मजकूर, जपून ठेवलेला असतो. ‘हायपोथेसिस’ या साधनात हा शेजार दोन्ही बाजूंना 32 चिन्हांचा असतो. अनेक ‘क्षेत्रां’तून माझं कुठलं, हे शेजारी सांगतात. एखादं शुद्धलेखन दुरुस्त झालं असेल, तर जवळात जवळची जुळणीही चालते. मराठीला याची गरज फार. ‘तऱ्हा’मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दिसायला अगदी सारखा, पण संगणकाने दोन्ही एकाच रूपात आणून घेतले नाहीत तर त्याच्या लेखी ते वेगळेच.

पानाला टिपा जोडायची सोय 1993 च्या मोझॅक ब्राउझरातही होती. पण खूण कशी साठवावी याचा सर्वांसाठीचा नमुना वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 23 फेब्रुवारी 2017 रोजी मान्य केला. त्यात टीप आणि तिचं लक्ष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. हस्तलिखित पोथीत समासातली टीप पुढचा लेखनिक नकळत मूळ पाठात ओढून घेई. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासला जाई, पण अशी घुसलेली ओळ ओळखणार कोण? एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात कुणी स्वतःची ओवी घालू नये, असं बजावलं. इथे माझी टीप पाठाला शिवतच नाही. एकाच पानावर शंभर जणांनी टिपा लिहिल्या, तरी मूळ पान जसंच्या तसं.

आणि परिच्छेदच काढून टाकला तर? मग टीप पोरकी होते. हायपोथेसिस अशा टिपा वेगळ्या कप्प्यात ठेवतं. गेलेले शब्द मात्र तिच्यासोबत शाबूत असतात. नल्लकुंटा हे नावही असंच: तेलुगूत नल्ल म्हणजे काळं, कुंटा म्हणजे लहान तळं. आमच्या गल्लीत आज तळं कुठेच दिसत नाही.