१२० अंशांवर सुटणारे जोड

सकाळी ९. कोट चढवला की आधी ओव्हन. काल ब्लेडने कापून, टोकाला टोक लावून ठेवलेल्या पॉलिमरच्या पट्ट्या अर्धा तास १२० अंशांवर आणि मग रात्रभर ६० वर होत्या. चीर आता बोटाला लागत नाही, उजेडाकडे धरली की मात्र दिसते. ‘सेल्फ-हीलिंग’ ऐकलं की लोकांना वाटतं, जखम आपोआप भरते. आमच्याकडे ओव्हन लागतो.

१०. यूटीएमच्या, म्हणजे ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, जबड्यात पट्टी धरून ओढायची. बहुतेक जुन्या चिरेवरच तुटतात. एखादी भलतीकडेच तुटली, म्हणजे चीर नीट भरली, की गाईड मॅडम खूश.

११.३०. नवीन आलेली एमएस्सीची मुलगी विचारते, “ताई, हे खरंच विरघळतं?” पट्टीचा पिवळसर तुकडा डीएमएफ या द्रावकात टाकून दिला. थंड असताना तो नुसता फुगला, कारण साखळ्या आडव्या जोडांनी एकमेकींना बांधलेल्या. नळी तेलाच्या बाथमध्ये १२० वर ठेवली. आधी कडा पुसट झाल्या, मग तुकडा दिसेना. हे जोड फ्युरान आणि मॅलिमाइडचे, १९२८च्या डील्स-आल्डर अभिक्रियेतून होणारे. तापवले की तीच अभिक्रिया उलटी फिरते. कॅलिफोर्नियात वुड्ल यांच्या गटाने २००२मध्ये दाखवलं, की १२०च्या वर सुमारे ३० टक्के जोड सुटतात आणि निवताना परत जुळतात. फ्युरान ज्या फरफ्युरलपासून मिळतं, ते उसाच्या चिपाडापासूनही काढतात. हे ऐकून साताऱ्याची ती पोरगी एकदम सावरून बसली.

१. डबा.

२. सकाळी तुटलेल्या पट्ट्यांचा चुरा टेफ्लॉनच्या दोन शीटमध्ये घालून हॉट प्रेसखाली. इथे लक्ष हवं. तापमान १५०च्या वर गेलं की मॅलिमाइड आपसातच जुळतं, ते जोड परत सुटत नाहीत आणि माल वाया जातो. वर्कशॉपचे काका म्हणतात, “डायलवर विसंबू नकोस, साच्यात थर्मोकपल घाल.” घालते. अर्ध्या तासाने चुऱ्याची अखंड चकती निघते.

४.३०. डीएससीचे, म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो त्याचे, आलेख. नमुना लावला की थांबणंच.

५.३०. ग्रुप मीटिंग. कुणीतरी गाडीच्या इंजिनाजवळच्या भागांचा विषय काढतं. तिथे हे चालणार नाही, १२०ला ढिलं पडणारं काय कामाचं? त्यासाठी लिबलर यांनी २०११मध्ये पॅरिसमध्ये केलेली व्हिट्रिमर बरी. त्यांत जोड जागा बदलतात, पण जाळं सुटत नाही.

माझं मत विचाराल तर चीर भरणं हे पाहुण्यांना दाखवायला ठीक आहे. खरं काम दोनच्या प्रेसचं, तुटलेल्या मालाचा पुन्हा वापर करण्याचं. टायर, बेकलाइट, पवनचक्कीची पाती एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत, आणि त्यांचे ढीग वाढतच आहेत.