‘आणि’च्या जागी ‘किंवा’ आलं तर काय बिघडतं? दोन अटींचा अर्थ एकच आहे का, हे असं तपासा

समजा, एका योजनेचा नियम आहे : ‘आधार आणि रेशनकार्ड, दोन्ही असतील तरच अर्ज स्वीकारला जाईल.’

व्हॉट्सअ‍ॅपवर तोच नियम दोन प्रकारे फिरतोय.

पहिला मेसेज : ‘आधार नसेल किंवा रेशनकार्ड नसेल, तर अर्ज बाद.’
दुसरा मेसेज : ‘आधार नसेल आणि रेशनकार्डही नसेल, तरच अर्ज बाद.’

यातला बरोबर कोणता?

चार ओळींत उत्तर

कागद घ्या आणि शक्य त्या सगळ्या परिस्थिती लिहून काढा. दोन कागदपत्रं, प्रत्येक ‘आहे’ किंवा ‘नाही’. म्हणजे एकूण चार.

• दोन्ही आहेत : मूळ नियमाने अर्ज मंजूर. दोन्ही मेसेजनुसारही मंजूर.
• फक्त आधार आहे : मूळ नियमाने बाद. पहिल्या मेसेजनुसार बाद, दुसऱ्यानुसार मंजूर!
• फक्त रेशनकार्ड आहे : इथेही तसंच.
• दोन्ही नाहीत : तिन्हीकडे बाद.

पहिला मेसेज चारही ओळींत मूळ नियमाशी जुळतो, म्हणून अर्थ एकच. दुसरा दोन ओळींत फसतो. खरं तर एक ओळ चुकली असती तरी पुरे होतं. त्या मेसेजवर विसंबून फक्त आधार घेऊन गेलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून, रांगेत उभा राहून रिकाम्या हाताने परतणार.

बारावीच्या गणितातलं ‘ट्रुथ टेबल’ ते हेच. आणि ‘नाही’ लावताना ‘आणि’चं ‘किंवा’ होतं, या नियमाला डी मॉर्गनचा नियम म्हणतात. हा ब्रिटिश गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये जन्मला तो आपल्या मदुराईत.

मग अडचण कुठे आहे?

प्रत्येक नवी अट आली की ओळी दुप्पट होतात. 10 अटींना 1,024 ओळी, 30 अटींना 107 कोटींहून जास्त.

32 बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या सर्किटला 64 इनपुट लागतात. त्याचं डिझाइन बदललं, तर नवं आणि जुनं सर्किट एकच उत्तर देतं का, हे तपासावंच लागतं. पण सेकंदाला 100 कोटी ओळी तपासल्या, तरी 580 वर्षांहून जास्त काळ लागेल.

म्हणून चिप बनवणारे उलटा प्रश्न विचारतात : दोघांची उत्तरं वेगळी येतील, असं एक तरी इनपुट आहे का? ते शोधणाऱ्या प्रोग्रामला ‘सॅट सॉल्व्हर’ म्हणतात. असं इनपुट नाहीच, हे सिद्ध झालं की दोन्ही सर्किट समान.

हे सॉल्व्हर बऱ्याचदा झटपट उत्तर देतात, पण प्रत्येक वेळी देतीलच याची हमी नाही. कायम वेगाने चालणारी पद्धत असू शकते का, हा प्रश्न स्टीफन कुक यांच्या 1971 च्या शोधनिबंधापासून अनुत्तरित आहे. त्यामागच्या कोड्यावर 10 लाख डॉलरचं बक्षीस आहे.

तुमच्यासाठी मात्र युक्ती सोपी आहे. नियमाचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याला मूळ नियम ‘नाही’ म्हणेल आणि मेसेज ‘हो’. तो सापडला, तर मेसेज चुकीचा आहे.