पिठाचा कोंबडा आणि वीस बाजूंचा फासा

साठी उलटलेला, होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा माणूस व्याख्यानमालेसाठी विषय देणार, म्हणजे तो आहारावर किंवा फार तर सांधेदुखीवर असणार, असा सर्वसाधारण समज असतो. आमच्या चिटणिसांचाही होता. मी ‘खेळ’ म्हटल्यावर त्यांनी विचारले, ‘‘कुठला, बुद्धिबळ?’’ बुद्धिबळ नव्हे. त्यांना पाच मिनिटांत जे सांगता आले नाही ते, वाचकहो, आपल्याला सविस्तर सांगतो.

माझी मुलगी अमेरिकेत इंडियानापोलिस शहरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर राहते. त्या शहरात दर वर्षी उन्हाळ्यात चार दिवस ‘जेन कॉन’ नावाचे खेळाडूंचे संमेलन भरते. नातवाने मला तिथे नेले ते आजोबांना एकटे घरी कसे ठेवायचे, म्हणून. पहिल्या वर्षी मी खेळलो. दुसऱ्या वर्षी एक खेळ स्वतः चालवला.

खेळ असा. चार ते सहा माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक ‘गेम मास्टर’. मी त्याला सूत्रधार म्हणतो. संगीत नाटकांवर वाढलेल्या आपल्या पिढीला तो शब्द जवळचा. बाकीचे प्रत्येकी एका कल्पित माणसाचे सोंग घेतात. सूत्रधार सांगतो, ‘‘रात्र आहे, पाऊस कोसळतोय, पूल अर्धा वाहून गेलाय आणि पलीकडून कोणीतरी हाका मारतंय. तुम्ही काय करता?’’ एक म्हणतो, ‘‘मी कमरेला दोर बांधून उतरतो.’’ ते जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यात हा फासा वीस बाजूंचा असतो. पडलेल्या आकड्यात त्या पात्राच्या कसबाचा आकडा मिळवायचा आणि सूत्रधाराने ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहायचे. सोप्या कामाला १०, अवघडाला २०. फासा फसला तरी गोष्ट थांबत नाही. दोर तुटतो, आणि पुढचा प्रश्न पुन्हा तोच : आता काय करता? कोण जिंकले, या प्रश्नाला बहुधा उत्तर नसते.

आपल्याला सापशिडी ठाऊक आहे. तिचाच पूर्वज म्हणजे ज्ञानबाजीचा पट. गुजरात-राजस्थानातल्या जैन घरांत तो पर्युषणात मांडत. त्यावर बहुधा ८४ घरे असत. तिथे फासा पडेल तिकडे जायचे, माणसाच्या हाती काही नाही. इथे आधी माणूस आपला इरादा बोलून दाखवतो आणि मग फासा पडतो. हा फरक मला फार मोठा वाटला. तो का, ते पुढे येईल.

थोडा इतिहास सांगतो, कारण हा खेळ आणि हे संमेलन यांचे नाते मायलेकरांचे आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहत असे. त्याला युद्धाचे पटावरचे खेळ खेळण्याचा नाद. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याने गावातले हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन आपल्यासारख्या नादिष्टांना बोलावले. शंभराच्या आसपास माणसे जमली. तेच पहिले जेन कॉन. गावाच्या नावातला ‘जेन’ घेऊन जिनिव्हा कराराच्या नावावर केलेली ती कोटी. पुढच्या वर्षी तिथे मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन आला आणि दोघांची ओळख झाली. आर्नेसनच्या मंडळींत तेव्हा एक नवीन टूम निघू लागली होती : सैन्य हलवायचे नाही, एकेका माणसाचे सोंग घ्यायचे. १९७१ पासून तो ‘ब्लॅकमूर’ या कल्पित प्रांतात असे खेळ चालवू लागला. पुढे त्याने तो गायगॅक्सला दाखवला, दोघांनी मिळून नियम बांधले आणि १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांची एक पेटी छापून निघाली. प्रती १,०००, किंमत १० डॉलर. संमेलनातल्या एका ओळखीतून हे सगळे झाले. गायगॅक्सचे ते संमेलन पुढे मिलवॉकीला आणि २००३ मध्ये इंडियानापोलिसला गेले. अलीकडे तिथे ७०,००० हून अधिक माणसे येतात.

सन २००० मध्ये बेळगावात साहित्य संमेलन झाले तेव्हा मंडपात हजारो माणसे एका व्यासपीठाकडे तोंड करून बसली होती. मीही त्यांत होतो. इथे व्यासपीठ असे नाहीच. प्रचंड दालनांत आणि आजूबाजूच्या हॉटेलांच्या हॉलांत गोल टेबले मांडलेली, प्रत्येकावर नंबर. महिनोन्‌महिने आधी सूत्रधार आपला खेळ नोंदवतात, खेळाडू त्याचे तिकीट काढतात. ज्यांना तिकीट मिळाले नाही ते खुली तिकिटे हातात घेऊन टेबलाजवळ उभे राहतात. कोणी आला नाही की खुर्ची त्यांची. श्रोता कोणीच नाही.

घरी हाच खेळ मित्रमंडळी वर्षानुवर्षे चालवतात. संमेलनात मात्र बहुतेक खेळांना चार तास, आणि समोरची माणसे अनोळखी. त्यामुळे पात्रे आधीच तयार करून कागदावर मांडलेली असतात, आणि गोष्टही अशी बेतावी लागते की चार तासांत ती कुठेतरी पोचली पाहिजे. पूर्वी याच्या स्पर्धाही होत. गायगॅक्सने लिहिलेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे प्रकरण १९७५ मध्ये बाल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ संमेलनात स्पर्धेसाठी खेळवले गेले. अंगात बळ आहे म्हणून मिरवणाऱ्या खेळाडूंची खोड मोडावी अशी त्याची रचना. तलवारबाजीचा तिथे उपयोग नाही. दार उघडण्याआधी विचार केला नाही की माणूस संपला.

आता माझी गोष्ट. पहिल्याच खेळात माझ्या वाट्याला उपचार करणारा धर्मोपदेशक आला. नातवानेच तो माझ्यापुढे सरकवला. रस्त्यात गॉब्लिन नावाचे बुटके लुटारू आडवे आले. सगळ्यांनी शस्त्रे काढली. मी म्हटले, ‘‘मी हात जोडतो आणि त्यांना काय पाहिजे ते विचारतो.’’ सूत्रधार तरुण मुलगा होता. त्याने हसण्यावारी नेले नाही. ‘‘कसं विचारता? बोलून दाखवा,’’ म्हणाला. मी बोललो, फासा टाकला, १७ पडले. लुटारूंना भाकरी हवी होती. आम्ही दिली. मी मनात खूश.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच केले. ३ पडले. मग तुंबळ झाली. मी शस्त्र उचलले नाही, पण आमचा योद्धा कोसळला तेव्हा माझ्या पात्राने मंत्र म्हणून त्याला उभे केले, आणि उठल्याबरोबर त्याने दोघांना उडवले. टेबलावर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मुलीने दिलेल्या डब्यातले थेपले सूर्यास्ताआधी खाऊन घेतले (तिथे ऑगस्टच्या आरंभी सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, ही आमची मोठी सोय), आणि परतताना गाडीत मला टाळ्या टोचू लागल्या. आम्ही लहानपणी पाठशाळेत शिकलो ते कृत, कारित आणि अनुमोदना : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि केलेल्याला मान डोलावलेले. पहिले मी टाळले. उरलेली दोन्ही झाली होती.

‘‘आजोबा, पण ते खोटं होतं!’’ नातू म्हणाला.

तेव्हा मी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक असेल. सोमदेवाचे संस्कृत ‘यशस्तिलक’ ९५९ मधले, जन्नाचे कन्नड ‘यशोधर चरिते’ १२०९ मधले. आणि गिरीश कार्नाड यांनी त्याच कथेवर ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक लिहिले. राजाची आई त्याला पशुबळी द्यायला सांगते. राजा हिंसा करायला तयार नाही. शेवटी तडजोड निघते : पिठाचा कोंबडा करू आणि त्यावर घाव घालू. घाव पिठावर बसतो, पण मारण्याचा भाव खरा असतो, आणि त्यापायी मायलेकांना पशूंचे जन्म घेत फिरावे लागते.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘नियमातच सोय आहे. जवळून वार करून शत्रूचा शेवटचा गुण संपवला, तर मारायचं की नुसतं बेशुद्ध पाडायचं, हे खेळाडूनं ठरवायचं. आम्ही कधी विचारच करत नाही.’’ हे खरे आहे. मी नंतर पुस्तकात पाहिले. सापशिडीहून हा खेळ मला वेगळा वाटतो तो इथे. इरादा बोलून दाखवावा लागतो, म्हणजे तो आपलाच असतो.

पुढच्या वर्षी मी स्वतः खेळ नोंदवला. राक्षस नाहीत, तलवारी नाहीत. सुमारे १९०० सालचे नदीकाठचे एक कल्पित गाव, प्लेगची साथ, उंदीर पडू लागलेले, माणसे घरे सोडून माळावर झोपड्यांत गेलेली. आजीच्या तोंडून ऐकलेलेच सगळे. पात्रे पाच : वैद्य, सुईण, मास्तर, टपालवाला आणि सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर.

पहिली चूक माझीच. मी पाऊण तास गावच सांगत बसलो. समोर पाच माणसे अदबीने ऐकत होती आणि चार तासांतला पाऊण तास गेला होता. नातवाने चिठ्ठी सरकवली : ‘आजोबा, त्यांना बोलू द्या.’ मला लाज वाटली. हानेमानच्या ‘ऑर्गनॉन’मध्ये पहिल्या वर्षाला शिकतो ते हेच : रोगी बोलत असता वैद्याने मध्ये बोलू नये, त्याला सगळे सांगू द्यावे. पस्तीस वर्षे दवाखान्यात जे पाळले, ते सूत्रधाराच्या खुर्चीत बसताच विसरलो. मग गप्प बसलो, आणि खेळ चालू लागला. सुईणीचे सोंग घेतलेल्या, पन्नाशीतल्या एका बाईंनी गावातल्या बायकांना एकत्र करून पाणी उकळायला लावले. माझ्या टाचणात ते कुठेच नव्हते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. टेबलाच्या मध्यभागी एक कार्ड ठेवलेले असते, त्यावर फुली. ही पद्धत जॉन स्टॅव्रोपुलॉस यांनी सुरू केली आणि आता पुष्कळ टेबलांवर दिसते. गोष्टीत काही असे आले की जे कोणाला सोसवत नाही, तर त्याने कार्डाला बोट लावायचे. तेवढा भाग वगळून पुढे जायचे. कारण सांगायचे नाही आणि कोणी विचारायचेही नाही.

मी प्रसंग सांगत होतो : बाधितांसाठी बांधलेली तट्ट्यांची शेड, आत एक म्हातारी, बाहेर तिची लेक, आणि शिपाई तिला आत सोडत नाही. लेक तट्ट्याच्या फटीतून बघते आहे. त्या बाईंनी कार्डाला बोट लावले.

माझ्या तोंडात प्रश्न तयार होते. काय होतंय? कधीपासून? कशाने वाढतं, कशाने कमी होतं? सगळे आयुष्य हे प्रश्न विचारण्यात गेले आहे आणि त्यांतच माझी रोजीरोटी आहे. इथे विचारायचे नव्हते. २०२० नंतर ते कोणी विचारायचीही गरज नाही, म्हणा. मी मान हलवली आणि म्हणालो, ‘‘या गावात शेड नाही. म्हातारी घरीच आहे, लेक उशाशी बसली आहे. सुईण दारात येते. काय करते?’’ बाईंनी एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘चूल पेटवते.’’

खेळ संपल्यावर पात्रांचे कागद मी गोळा करत होतो. त्यांनी सुईणीचा कागद स्वतःकडे ठेवू का, असे विचारले, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. बाकी काही बोलल्या नाहीत.

त्या दालनात यशोधराची कथा ऐकलेले माझ्या नातवाखेरीज कोणी नसेल. तरी टेबलावर ते कार्ड होते. खोट्या गोष्टीतला घाव खऱ्या माणसाला बसू शकतो, हे त्यांना खेळून खेळून कळले आहे.

बेळगावात परतल्यावर मी पाच जणांना जमवले : दोन निवृत्त शिक्षक, एक वकील, शेजारच्या काकू आणि त्यांची सून. मूळ नियम फुकट उपलब्ध आहेत, फासे मुलीने दिले. फुलीचे कार्ड मी दवाखान्याच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या कोऱ्या बाजूवर केले. चार बैठका झाल्या, कोणी त्याला हात लावला नाही. मला आधी बरे वाटले. मग एका बैठकीत काकूंचा चेहरा पाहिला आणि कळले की हात लावायची आपल्या माणसांना भीड वाटते. चारचौघांत ‘हे नको’ म्हणायची सवयच नाही आपल्याला, त्यातून सासू-सून एका टेबलावर. म्हणून आता प्रत्येक बैठकीच्या आरंभी, काही कारण नसताना, मी स्वतः एकदा त्या कार्डाला बोट लावतो आणि माझेच एक वाक्य मागे घेतो. गेल्या खेपेस सुनेने लावले. आम्ही पुढे गेलो.