मारामारी सांगता आली पाहिजे

२०२५च्या डिसेंबरात आम्ही तिघं मित्र 'शोले' पाहायला गेलो. २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र गेले. त्यानंतर तीनच आठवड्यांत, १२ डिसेंबरला, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने उजळवलेली 'शोले'ची प्रत थिएटरांत लागली. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो, हा मूळचा शेवट आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावला होता. तो पन्नास वर्षांनी मोठ्या पडद्यावर पाहिला. बाहेर आलो तेव्हा गळा दाटून आला होता आणि भांडायला चार मुद्दे तयार होते. हा शेवट खरा, की गब्बरला पोलिसांच्या ताब्यात देण्याचा? हात नसलेल्या माणसाची मारामारी दिग्दर्शक रमेश सिप्पींनी कशी उभी केली?

तेवढ्यात आमच्यातल्या एकाने मोबाइल काढला आणि त्याच मल्टिप्लेक्समध्ये चालू असलेल्या 'धुरंधर'चा त्या दिवसापर्यंतचा गल्ला वाचून दाखवला. दुसऱ्याने विचारलं, 'शोले'चा तेव्हाचा गल्ला आजच्या भावात किती होईल? पार्किंगपर्यंत आम्ही कोटींवर बोलत होतो. ठाकूरचं नाव कुणी काढलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

मोबाइल काढणारा माझा तीस-पस्तीस वर्षांपासूनचा मित्र. भोसरीत लेथ मशीनवर आयुष्य काढलेला टर्नर. पडद्यावरच्या मारामारीकडे कसं पाहायचं, हे ज्या दोघांकडून मी शिकलो त्यांतला तो एक. दुसरा तालमीतला पैलवान. तो करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. चौथा बँकेत कारकून होता, तो आमचा वकील. प्रत्येक वादात उलटी बाजू त्याची.

सत्तरचं दशक मी लहानपणी ऐकीव जगलो. 'शोले' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि निम्मा वेळ वडिलांच्या कुशीत तोंड लपवून होतो. पुढची दहा वर्षं व्हिडिओ कॅसेटची. तेव्हाचे सूडपट एकमेकांत इतके मिसळलेत की आज एकही धड वेगळा काढता येत नाही. त्यातून 'अर्धसत्य' तेवढा उभा राहतो, पण तो पाहताना मारामारी आठवत नाही, ओम पुरींचा जबडा आठवतो.

आमचा खरा काळ १९८८ ते १९९८. शनिवारी संध्याकाळी टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात आम्ही बसायचो. इंग्रजी पिक्चर अलका किंवा राहुल थिएटरला, हिंदी कुठेही, आणि जॅकी चॅन कॅसेटवर. नियम एकच होता आणि तो पैलवानाने घातलेला: 'भारी होता' म्हणायचं नाही, मारामारी सांगायची. कोण कुठे उभा होता, पहिला हात कुणाचा, दार कुठल्या अंगाला. टर्नर टेबलावर काड्यापेट्या मांडायचा, चहाचे ग्लास म्हणजे माणसं, बशी म्हणजे गाडी. ज्या पिक्चरची मारामारी अशी मांडता येत नसे तो तिथेच बाद. हीरो कितीही मोठा असला तरी त्याची सुटका नव्हती.

२२ जून १९९० ला 'घायल' आणि 'दिल' एकाच दिवशी लागले. सगळं कॉलेज 'दिल'ला गेलं, आम्ही 'घायल'ला. धर्मेंद्रनेच मुलासाठी, सनीसाठी काढलेला पिक्चर, राजकुमार संतोषींचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच. त्यावर आम्ही तीन शनिवार भांडलो. सनीचा अजय मेहरा बॉक्सर आहे, मग तो रागावला की बॉक्सिंग का विसरतो, हा पैलवानाचा आक्षेप. "ठोसा पायातून यावा लागतो. ह्याचा खांद्यातून येतो," तो उभा राहून दाखवायचा, आणि चहावाला ओरडायचा. कारकुनाचं उत्तर मला अजून पटतं: भावाचा खून झालेला माणूस सराव आठवत बसत नाही, आणि विसरणं हाच तिथे अभिनय आहे. सहा वर्षांनी 'घातक' आला तेव्हा पैलवानाने स्वतःहून कबूल केलं की आता सनीच्या पायावर वजन आलंय.

'शिवा'तल्या सायकलच्या चेनवर टर्नरने व्याख्यानच दिलं होतं. चेन अशी हिसक्याने तुटत नाही, हे तो शपथेवर सांगायचा. तरीही त्याने तो प्रसंग पास केला, कारण नागार्जुनचा हात चेनकडे जाताना रामगोपाल वर्मांनी आपल्याला थांबून पाहू दिलं होतं. 'टर्मिनेटर २'मधला कालव्यातला ट्रक त्याला पाठ होता. ट्रक वरून पडतो तेव्हा आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण त्याला वजन आहे, असं तो म्हणायचा. पैलवानाचा देव जॅकी चॅन. 'पोलीस स्टोरी'त मॉलमधल्या खांबावरून दिव्यांच्या माळा तोडत खाली येणारा जॅकी त्याने किती वेळा पाहिला असेल, सांगता येणार नाही. त्या उडीत जॅकीचे हात भाजले होते. पैलवानाला उडीचं एवढं काही नव्हतं. खाली पडल्यावर तो कसा उठतो ते बघा, म्हणायचा. ज्याला लागतं त्याचंच मारणं खरं वाटतं. 'डाय हार्ड'मध्ये ब्रूस विलिस अनवाणी काचांवरून जातो तेव्हाही पैलवानाला हेच सापडलं होतं.

आणि 'प्रहार'. नाना पाटेकरांनी १९९१ साली स्वतः दिग्दर्शित केलेला. हा ॲक्शनपट आहे की नाही यावर आमची जवळजवळ मैत्री तुटली. मी म्हणायचो, आहे. मेजर चव्हाणच्या प्रशिक्षणातला घामाचा प्रत्येक थेंब शेवटच्या हाणामारीत खर्ची पडतो. कारकून म्हणायचा, ज्यात टाळी वाजवावीशी वाटत नाही तो ॲक्शनपट कसला. आज मला वाटतं, त्याने नकळत 'प्रहार'चं सगळ्यांत मोठं कौतुक केलं होतं.

याच काळातला एक हिशेब मला चुकता करायचा आहे. शहरातल्या एका फिल्म सोसायटीत मी वर्गणी भरून जात असे. तिथले एक जाणकार गृहस्थ आमच्यासारख्यांना 'ढिशूमवाले' म्हणायचे. त्यांच्याच पडद्यावर मी कुरोसावांचा १९५४चा 'सेव्हन सामुराई' पाहिला आणि पावसाचिखलातली ती शेवटची लढाई पाहून थरथरत बाहेर आलो. चर्चेत मी विचारलं की गावाच्या कुंपणातून एकेकच घोडेस्वार आत का येऊ देतात. गृहस्थ म्हणाले, तुम्हाला यातही मारामारीच दिसली. हो, दिसली. सामुराई गावाचा नकाशा आधी दाखवतात, दरोडेखोर मोजून ठेवतात, एक मेला की खूण करतात. म्हणून शेवटच्या पावसातही कोण उरलंय ते आपल्याला कळतं. तेच या चित्रपटाचं मोठेपण आहे, आणि 'शोले'ची पाळंमुळंही तिथेच आहेत. मारामारी न पाहता तो पाहणाऱ्याने तो पाहिलाच नाही. ते वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही, आज लिहितो आहे.

आमच्याकडूनही एक अन्याय झाला. इतकी वर्षं वाद घातले, पण ज्यांची हाडं मोडत होती त्यांची नावं आम्ही घेतली नाहीत. 'फूल और कांटे'त दोन मोटरसायकलींवर पाय ठेवून येणाऱ्या अजय देवगणवर आम्ही तासभर बोललो. तो त्या पिक्चरचे फाइट मास्टर वीरू देवगण यांचा मुलगा, एवढं फक्त ठाऊक होतं. 'शोले'त हेमामालिनीच्या जागी टांगा पळवणाऱ्या रेश्मा पठाण यांचं नाव मला २०१९ साली कळलं, त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा. बसंतीच्या टांग्यावर लहानपणी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या कुणाच्या वाट्याला गेल्या? राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शन दिग्दर्शनाला जागा मिळाली ती २०१६च्या चित्रपटांपासून. ऑस्कर स्टंटसाठी पुरस्कार देणार ते २०२७च्या चित्रपटांपासून. एवढा उशीर, आणि तरी त्या बातमीवर आमच्या गटात एक शब्द नाही.

१९९८ला 'सत्या' आला, पुढच्या वर्षी 'मॅट्रिक्स', आणि मग जो तो तारेवर लटकू लागला. नंतरच्या दहा वर्षांबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. 'सिंघम'मध्ये गाड्या उडाल्या तेव्हा बाजीराव नावाचा मराठी इन्स्पेक्टर पाहून छाती फुगली, पण काड्यापेट्या खिशातच राहिल्या. आता तर एका ठोशाचे पाच तुकडे करतात, कॅमेरा हलवतात, वरून ढोल टाकतात. मारणारा डावीकडून आला की उजवीकडून, हे दिग्दर्शकालाही विचारायची सोय नाही. जे दिसलंच नाही ते आठवणार कसं, आणि आठवलं नाही तर भांडणार कशावर? मग उरतो आकडा. आकड्याला डोळे लागत नाहीत, आणि तो खोडायला कुणी उभंही राहत नाही. मुलांना मी दोष देत नाही. माझ्या टर्नरच्या हातात आकडा आला, हे मला लागलं.

परवा घरी 'किल' लावला. थिएटरात हुकला होता. निखिल नागेश भट यांचा, दिल्लीला जाणाऱ्या रात्रीच्या राजधानीत घडणारा. रक्त गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे, एका टप्प्यानंतर मी तोंड फिरवलं. पण डब्यातला तो अरुंद रस्ता, वरचे बर्थ, दोन डब्यांमधला दरवाजा, संडासाकडची मोरी, सगळं कुठे आहे ते मला कळत होतं. कुणी कुणाला कुठे गाठलं ते कळत होतं. अकरा वाजून गेले होते, तरी मी टर्नरला फोन लावला आणि पहिल्या डब्यापासून सांगायला लागलो. तो ऐकत राहिला. मध्येच म्हणाला, "थांब. त्या पॅसेजमध्ये दोन माणसं शेजारीशेजारी मावतात का?"

मी म्हटलं, मावत नाहीत.

"मग तिसरा मागून आला कसा?"

मी पिक्चर मागे घेऊन पुन्हा लावला. फोन चालूच ठेवला होता.