लॉग म्हणजे काय रे भाऊ?

मित्रांनो, मराठी विभागात लिहायचं म्हणजे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला जरा टेन्शनच. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण विषय असा आहे की तो मला आधी इंग्रजीत पाठ झाला आणि नंतर वऱ्हाडीत समजला. म्हणून इथेच लिहिते.

विषय आहे लॉगॅरिदम, म्हणजे आपला लॉग. मराठी पुस्तकात त्याला लघुगणक म्हणतात. बारावीचे दिवस आठवा. बोर्डाच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ते पातळ पुस्तक, त्यातले मुंगीएवढे आकडे, कॅरेक्टरिस्टिक, मँटिसा, मीन डिफरन्स, शेवटी अँटिलॉग... बोट कोणत्या रांगेवर ठेवायचं ते आपल्याला पक्कं ठाऊक होतं. पण हे काय चाललंय असं कोणी विचारलं असतं तर? मला विचारलं गेलं. आणि मला सांगता आलं नाही.

झालं असं. माझे काका रिसोड तालुक्यात शेती करतात. बोअरसाठी त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून ४०,००० रुपये घेतले, तीन टक्के महिन्याने. दोन वर्षं सोयाबीनने दगा दिला, एक पैसाही देता आला नाही. काकांचा हिशोब सरळ होता. महिन्याला १,२०० रुपये व्याज, २४ महिन्यांचे २८,८००, मुद्दल धरून ६८,८००. समोरच्याने कागद पुढे केला ८१,३१२ रुपयांचा. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा काका तो कागद घेऊन बसले होते. म्हणाले, "तू इंजिनिअर होऊन राह्यली ना बाई, मंग सांग बरं मले, चाळीसाचे दोन वर्षांत ऐंशीच्या वर गेले कसे?"

मी म्हटलं, "काका, ते कंपाउंड इंटरेस्ट असतं." ते म्हणाले, "ते समजलं. पण दुप्पट व्हायले किती महिने लागते, ते सांग." मी मोबाईल काढून गुणत बसले. एक पूर्णांक तीन शतांश गुणिले एक पूर्णांक तीन शतांश... सातव्या-आठव्या वेळेला आकडा चुकला. मॅथ्समध्ये नव्वदच्या वर मार्क असलेली मी! त्या रात्री लक्षात आलं की काकांचा प्रश्न म्हणजेच लॉग.

एकच प्रश्न : किती वेळा?

लॉग हा कुठला राक्षस नाही. तो फक्त एक प्रश्न आहे : "किती वेळा?" २ ला स्वतःनेच किती वेळा गुणलं की ६४ होतात? २, ४, ८, १६, ३२, ६४. सहा दोन लागतात. म्हणून पाया २ घेतला तर ६४ चा लॉग ६. दहा किती वेळा घेऊन गुणले की १००० होतात? तीन. म्हणून पाया १० असताना १००० चा लॉग ३. घातांकात आपण विचारतो, "इतक्या वेळा गुणलं तर किती झाले?" लॉगमध्ये उलटं विचारतो, "एवढे झाले, तर किती वेळा गुणलं?" वजाबाकी जशी बेरजेची उलट, तसा लॉग घाताचा उलट.

आता गंमत बघा. लॉगचा शोध म्हटलं की आपण स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरचं नाव घेतो. ते बरोबरच आहे. त्याचं पुस्तक १६१४ साली निघालं, आणि १६१७ मध्ये हेन्री ब्रिग्जने पाया १० चं पहिलं टेबल छापलं. आपलं बारावीचं टेबल त्याच घराण्यातलं. पण "किती वेळा?" हा प्रश्न त्याच्या आठशे वर्षं आधी आपल्याकडे विचारला गेला होता. वीरसेन नावाच्या जैन आचार्यांनी षट्खंडागम या ग्रंथावर धवला नावाची टीका लिहिली, ती इ.स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झाली. त्यात एक शब्द येतो, अर्धच्छेद. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ते तिचे अर्धच्छेद. ६४ चे अर्धे ३२, मग १६, ८, ४, २, १. सहा वेळा. म्हणजे अर्धच्छेद ६. हा सरळसरळ पाया २ चा लॉग झाला! तीनने भागत गेलं तर त्रिकच्छेद, चारने भागत गेलं तर चतुर्थच्छेद. लॉगचाही लॉग आहे, त्याला वर्गशलाका म्हणतात. त्या काळी लॉगचं टेबल नव्हतं, पण फार मोठ्या संख्या आवाक्यात आणायची ही युक्ती त्यांच्याकडे होती.

आणि हे सगळं आपल्या जिल्ह्याला अगदीच परकं नाही. कारंजा म्हटलं की आपल्याला गुरुमंदिर आठवतं. पण कारंजा लाड हे जैन हस्तलिखितांसाठीही नावाजलेलं गाव आहे. धवलाच्या मूळ ताडपत्राच्या पोथ्या कर्नाटकात मूडबिद्रीला होत्या. डॉ. हीरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवत. त्यांनी हा ग्रंथ संपादित करायला घेतला आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून निघाला. त्यासाठी ज्या हस्तलिखित नकला ताडून पाहिल्या, त्यांत एक कारंज्याची होती. चौथा खंड १९४२ चा. त्यात लखनौचे गणिती अवधेश नारायण सिंह यांनी धवलातल्या गणितावर लेख लिहिला, आणि अर्धच्छेद म्हणजे लॉग हे जगापुढे आलं. आपण ज्या बसस्टँडवर चहा पितो, त्या गावाचा लॉगशी असाही संबंध!

नियम पाठ करू नका

लॉगचे नियम आपण भिंतीवर चिकटवतो. पण "किती वेळा" धरलं की ते आपोआप येतात. ८ तीन वेळा निम्मा होतो. १६ चार वेळा. मग ८ गुणिले १६, म्हणजे १२८, किती वेळा? सात. म्हणून गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. भागाकाराचा लॉग म्हणजे वजाबाकी. ८ चा पाचवा घात घेतला तर तीन वेळाच्या पाच खेपा, पंधरा. म्हणून घात पुढे येऊन गुणतो. हे नियम धवलातही आहेत.

अटीही अशाच समजतात. पाया धन हवा आणि तो १ नको, कारण १ ला कितीही वेळा गुणा, तो १ च राहणार, "किती वेळा" ला अर्थच नाही. आणि ज्याचा लॉग घ्यायचा ती संख्या शून्यापेक्षा मोठीच हवी. २ कितीही वेळा गुणा किंवा कितीही वेळा भागा, उत्तर बारीक बारीक होत जाईल, पण शून्य होणार नाही, ऋण तर नाहीच. १/८ चा लॉग मात्र आहे. उलट दिशेने तीन पावलं, म्हणून −३. लॉग स्वतः ऋण असू शकतो, लॉगच्या पोटातली संख्या ऋण असू शकत नाही. हे एक वाक्य ज्याने लक्षात ठेवलं त्याचे निम्मे मार्क वाचले.

इक्वेशन : दार तपासून आत जा

माझा स्वतःचा किस्सा सांगते. प्रिलिमला हा प्रश्न होता :

लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = लॉग ३

मी झटकन दोन्ही लॉग एकत्र केले. क्ष × (क्ष − २) = ३. म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = −१. दोन्ही उत्तरं लिहिली, खाली डबल लाइन मारली आणि खूश झाले. सरांनी −१ वर लाल गोल काढला. का? क्ष जर −१ असेल तर पहिल्याच पदात −१ चा लॉग घ्यावा लागतो, आणि तो नाही. लॉग एकत्र केले की मूळच्या अटी दिसेनाशा होतात आणि नको तो पाहुणा आत शिरतो. म्हणून आधी लिहायचं : क्ष > ० आणि क्ष − २ > ०, म्हणजे क्ष > २. मग सोडवायचं. शेवटी ३ ठेवून बघायचं : लॉग ३ + लॉग १, आणि लॉग १ म्हणजे शून्य. जमलं.

याची उलटी चूकही होते. लॉग (क्षचा वर्ग) = लॉग ९ असं असेल तर आपण सवयीने वर्गातला २ पुढे आणतो आणि क्ष = ३ एवढंच लिहितो. पण क्ष = −३ चा वर्गही ९ च, आणि पोटात ९ असल्यामुळे ते उत्तर चालतं. २ पुढे आणताना आपण गुपचूप क्ष धन आहे असं मानलं आणि घरचाच माणूस बाहेर राहिला. एकदा नको तो आत, एकदा हवा तो बाहेर. इलाज एकच : मूळ प्रश्नात क्ष काय काय असू शकतो ते पहिल्या ओळीत लिहा.

इनइक्वॅलिटी : चिन्ह कधी उलटतं?

इथे हॉस्टेलमधले दिग्गजही घसरतात. पाया १ पेक्षा मोठा असेल तर संख्या वाढली की लॉग वाढतो, म्हणून चिन्ह तसंच राहतं. पाया १ पेक्षा लहान असेल तर उलटं. पाया १/२ घ्या. १/२ चा लॉग १, १/४ चा २, १/८ चा ३. संख्या लहान होते आहे आणि लॉग मोठा! म्हणून चिन्ह उलटवायचं.

उदाहरण : पाया १/२, लॉग (क्ष − १) > −३. आता १/२ चा −३ वा घात म्हणजे ८. चिन्ह उलटलं : क्ष − १ < ८, म्हणजे क्ष < ९. एवढ्यावर थांबलात तर अर्धे मार्क. क्ष − १ शून्यापेक्षा मोठा हवा, म्हणून क्ष > १. उत्तर : १ आणि ९ च्या मधले सगळे.

रोजच्या व्यवहारातही हे येतं. सेकंडहँड गाडीची किंमत दरवर्षी १० टक्क्यांनी उतरते असं धरा. ती निम्म्याच्या खाली कधी जाईल? ०.९ चा न वा घात < ०.५. दोन्हीकडे लॉग घेतला : न × (−०.०४५८) < −०.३०१०. आता भागायचं आहे ऋण संख्येने, म्हणून चिन्ह उलटलं : न > ६.५७. सातव्या वर्षी. चिन्ह उलटवायला विसरलात तर उत्तर येईल "साडेसहा वर्षांच्या आत", म्हणजे नवी गाडी शोरूममध्येच निम्म्या किमतीची!

काकांचं उत्तर

आता काकांचा प्रश्न. महिन्याला तीन टक्के म्हणजे दर महिन्याला रक्कम १.०३ ने गुणली जाते. दुप्पट कधी? १.०३ चा न वा घात ≥ २. लॉग घ्या : न × ०.०१२८ ≥ ०.३०१०. भागलं की साडेतेवीस. म्हणजे चोविसाव्या महिन्यात रक्कम दुपटीच्या वर. ४०,००० चे ८१,३१२ असेच झाले होते. बारावीचं जुनं लॉग टेबल माळ्यावर होतं, ते झटकून मी काकांसमोरच हे केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग वर्षाला ७ टक्क्यांनी चक्रवाढ धरून तोच हिशोब दाखवला : दुप्पट व्हायला दहा वर्षांहून थोडं जास्त. काका बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "अजून थांबलो तं?" मी म्हटलं, पुढच्या तेवढ्याच महिन्यांत पुन्हा दुप्पट, म्हणजे चाळीसाचे एक लाख साठ हजार. लॉगच्या दृष्टीने मुद्दल चाळीस असो की ऐंशी, लागणारे महिने तेवढेच.

बाबांनी त्या वर्षीचं सोयाबीन भाव वाढण्याची वाट न बघता विकलं आणि तो व्यवहार मिटवला. ८१ हजार द्यावेच लागले, लॉगने त्यातला एक रुपयाही कमी झाला नाही. पण आता काका कोणाशीही पैशाचं बोलताना आधी विचारतात, "महिन्याचे का वर्षाचे? साधं का चक्रवाढ? दुप्पट कधी?" हे तीन प्रश्न आधी विचारले असते तर काय झालं असतं, यावर घरात कोणी बोलत नाही.

असो. आपल्या सिलॅबसमध्ये लॉग जागोजागी भेटतो. बायनरी सर्चमध्ये हजार नावांच्या यादीतून एक नाव शोधायला जास्तीत जास्त दहा वेळा यादी निम्मी करावी लागते. हे वीरसेनांचे अर्धच्छेदच की! इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा डेसिबल, शेतातल्या मातीचा पीएच, भूकंपाची रिश्टर हे सगळं लॉगच. पीएच ८ ची माती ७ पेक्षा "थोडीशी" वेगळी वाटते, पण तो दहा पटींचा फरक असतो.

तेव्हा मित्रांनो, एम-वनच्या आदल्या रात्री फॉर्म्युले घोकण्याआधी प्रत्येक लॉगला एकदा विचारा, "किती वेळा?" आणि सुट्टीत घरी गेलात की घरच्या कर्जाचा कागद एकदा मागून बघा. लाजू नका. लॉग टेबल कोणाकडे नसेल तर माझ्या रूमवर या, ते मी आता हॉस्टेलवरच आणून ठेवलंय.

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर