लाकूड कसे कुजते?

पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचे एखादे जुने झाड कोसळते. ‘वाऱ्याने पडले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु मोडलेल्या बुंध्याजवळ जाऊन पाहिले, तर पुष्कळदा आतला गाभा पांढुरका व भुसभुशीत झालेला, कधी पार पोकळ झालेला आढळतो. वारा हे केवळ निमित्त. खरे काम कित्येक वर्षे आधीच सुरू झालेले असते आणि ते बुरशीने केलेले असते. आपण कला शाखेचे विद्यार्थी असलो तरी याच झाडांच्या सावलीतून रोज येतो-जातो. तेव्हा हा प्रकार समजून घेणे अस्थानी होणार नाही.

लाकूड हा पदार्थ पचावयास मोठा अवघड. त्यातील पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या लांब धाग्यांनी बनलेल्या असतात, आणि हे धागे लिग्निन नावाच्या चिवट द्रव्याने एकमेकांस जखडलेले असतात. इमारतीची उपमा द्यावयाची तर सेल्युलोज म्हणजे सळ्या आणि लिग्निन म्हणजे सिमेंट. आंबा, वड, शिरीष, गुलमोहर अशा रुंद पानांच्या वृक्षांत सेल्युलोज सुमारे ४० ते ५० टक्के आणि लिग्निन साधारण २० ते २५ टक्के असते. हे लिग्निन पूर्णपणे फोडण्याची विद्या सजीव सृष्टीत फार थोड्यांना साधली आहे. बुरशीच्या काही जाती त्यांत अग्रगण्य होत.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र तरंगत असतात. साल शाबूत असेपर्यंत त्यांचे सहसा काही चालत नाही. मात्र फांदी मोडली, साल सोलली गेली किंवा मूळ तुटले की त्यांना दार उघडे मिळते. ओलसर जखमेवर बीजाणू रुजतो आणि केसाहूनही बारीक तंतू लाकडात शिरू लागतात. बुरशीला ना तोंड, ना पोट. ती आपले पाचक रस, म्हणजेच विकरे, बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न तंतूंवाटे शोषून घेते. याकरिता ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणूनच घरातील कोरडी तुळई पिढ्यान्पिढ्या टिकते, आणि पाण्यात पूर्ण बुडालेले लाकूडही सहजासहजी कुजत नाही.

कुजण्याचे मुख्य प्रकार तीन. ‘पांढऱ्या कुजी’त लिग्निनही फोडले जाते, लाकूड फिकट, तंतुमय व स्पंजासारखे होते. रुंद पानांच्या झाडांत हाच प्रकार अधिक दिसतो. १९८३ साली अमेरिकेतील संशोधकांना अशाच एका बुरशीत लिग्निन फोडणारे विकर सापडले. ‘तपकिरी कुजी’त सेल्युलोज खाल्ले जाते, लिग्निन बहुतांशी मागे राहते, आणि लाकडाचे चौकोनी तुकडे पडून बोटाने भुगा होतो. ‘मऊ कूज’ पेशींच्या भिंतींत सूक्ष्म पोकळ्या पाडते. खोडावर अर्धवर्तुळाकार कठीण छत्रे उगवलेली दिसतात, ती या बुरशीची केवळ ‘फळे’ होत. मुख्य पसारा आत असतो. फणसाच्या खोडावरील अशाच एका बुरशीला आपल्याकडे ‘फणसोंबा’ म्हणतात व घरगुती औषधात ती वापरतात.

मग झाड स्वस्थ बसते काय? मुळीच नाही. सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्ये असतात. म्हणून तो टिकतो, पण त्याच सागाचे बाहेरचे फिकट लाकूड लवकर कुजते. अमेरिकन वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला : झाडाची जखम माणसाच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही, झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकते आणि बाहेर नवे लाकूड घालीत राहते. म्हणूनच पोकळ झालेले झाडही पुष्कळ वर्षे उभे राहू शकते.

रानात ही कूज म्हणजे उपकारच. ती नसती तर मेलेल्या लाकडांचे ढीग साचून राहिले असते आणि त्यांत अडकलेली द्रव्ये मातीला परत मिळाली नसती. सह्याद्रीतील धनेश पक्षी घरटे करतो तो जुन्या वृक्षांच्या ढोलीत. स्वतः लाकूड कोरणे त्याला जमत नाही. ढोलीच नाहीशी झाली तर धनेशाने जावे कोठे?

शहरात मात्र हीच कूज माणसांच्या जिवावर बेतते, आणि याला जबाबदार बहुधा आपणच असतो. फांदी खोडालगत, तिच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्यासह छाटली की झाडाची संरक्षक भिंतच नष्ट होते. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो, चर खणताना मुळे तोडतो, पाट्यांसाठी खिळे ठोकतो. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांच्या रक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. परंतु परवानगीने केलेली छाटणीही चुकीची असू शकते, हे कायद्याला कसे कळावे? फांदी तोडावयाचीच तर कडे राखून तोडावी आणि बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी, एवढे तरी आपल्याला करता येईल. बुरशी दार फोडून क्वचितच येते. बहुतेक वेळा ते आपणच उघडे टाकलेले असते.