घटातील अंकुर आणि मिरचीचे रोप

आपल्या कुंडल भागात नवरात्रात घरोघर घट बसतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत गहू, ज्वारी आदी धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. त्याच्या पाझराने माती ओली राहते. रब्बीच्या तोंडावर बियाण्याची ही परीक्षाच म्हणावयास हरकत नाही! परंतु दसऱ्याला टोपीत खोवावयाचे हे तुरे पिवळे व लांबट का? देवघरातील अंधारामुळे. उगवणीस ओल व ऊब पुरते. हिरवेपणा मात्र उजेडाचा.

घरात मिरचीचे रोप करणाऱ्याने हेच ध्यानी घ्यावे. तळाला भोक पाडलेल्या करवंटीत बी पेरून वर अर्धा सेंटिमीटर माती लोटावी. कोंब यावयास 8-10 दिवस लागतात. तो दिसताच करवंटी उजेडाच्या खिडकीत ठेवावी. उशीर झाल्यास रोप लुळे पडते आणि परसात लावताच मान टाकते.